नीतिशास्त्र आणि आमची नारबोद

अकरावीत मी जेवढी शहाणी होते तेवढी त्यानंतर आयुष्यात कधी झाले नाही. आमच्याकडे तेव्हा अकरावी म्हणजे शाळेचं शेवटचं वर्ष, आणि त्या वर्षाला मी दर्शनशास्त्र घेतलं होतं. का घेतलं, तर गृहविज्ञानात स्वेटर विणावा लागतो असं कोणीतरी सांगितलं आणि मला दोन सुया एका वेळी सांभाळता यायच्या नाहीत. नातीला मी हे कारण सांगत नाही. तिला सांगते की मला लहानपणापासून सत्याची ओढ होती. ती सध्या अकरावीत हाच विषय शिकते, फोनवर बोट फिरवत धर्म आणि नीती वाचते आणि मधेच मला विचारते, आजी, तुमच्या वेळी हे होतं का? होतं तर. आणि ते आमच्या घराला किती महागात पडलं तेही होतं.

बालाघाटला मी मामाकडे राहायची. मामा कचेरीत बाबू होते. घर धानाच्या मिलजवळ होतं, त्यामुळे दिवसभर मिलची धडधड आणि भाताच्या कोंड्याचा वास. अंगणात वाळत घातलेल्या लुगड्यावर संध्याकाळपर्यंत पिवळसर भुसा बसायचा. छोट्या लाइनच्या गाडीची शिटी ऐकली की मामी म्हणायची, "उठ वं, शाळेची वेळ झाली." शाळेत सगळं हिंदीत. आम्ही चार मुली पहिल्या बाकावर आणि मुलं मागे. सर शिकवायचे हिंदीत, मी वहीत लिहायची हिंदीत, आणि घरी येऊन भांडायची मात्र मराठीत. नवीन काही शिकलं की त्याच दिवशी घरात वापरून पाहायचं, असा माझा नियम होता. जैनांचा स्याद्वाद शिकले त्या संध्याकाळी मामीने विचारलं, भाजी तिखट झाली का? मी गंभीर चेहऱ्याने म्हटलं, "एका दृष्टीनं आहे, एका दृष्टीनं नाही, आणि एका दृष्टीनं सांगताच येत नाही." मामीने माझ्या ताटातली भाजी परत कढईत टाकली आणि म्हणाली, "आता एका दृष्टीनं आहे, एका दृष्टीनं नाही. खा." त्या दिवशी मी नुसत्या लाखोरीच्या डाळीबरोबर भात खाल्ला.

त्याच सुमाराला सरांनी एका जर्मन पंडिताचं नीतिशास्त्र शिकवलं. नाव मला तेव्हाही नीट उच्चारता येत नव्हतं. सर म्हणाले, "बेटा, कुछ भी करने से पहले एक सवाल पूछो. यही काम सब लोग करने लगें तो चलेगा क्या?" एवढंच. मला वाटलं, आपल्या हातात एक चावीच आली. मी ती चावी जिथे तिथे लावत सुटले. मामी पहिली भाकरी गाईला काढते, सगळ्यांनी काढली तर चालेल का? चालेल. मामा कचेरीतल्या शाईने घरची चिठ्ठी लिहितात, सगळ्यांनी लिहिली तर? मामा म्हणाले, "सारेच लिवतेत," आणि दौत उचलून आत गेले.

आमचं गाव राजेगावच्या बाजूला. घरी बाबा, माय, आजी, वहिनी आणि वहिनीचा आठ महिन्यांचा बंडू. दादा उकव्याच्या मॅंगनीजच्या खाणीत कामाला होता, महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. मला बालाघाटला ठेवायला आजीचा विरोध होता. तिचं म्हणणं, पोरगी बसमध्ये बसायला शिकली की घरात बसत नाही. बाबा कमी बोलायचे. त्यांनी एकच सांगितलं होतं, "शिक. पन ज्या दिवशी तुह्या शिकन्यानं घरात वाकडं आलं, त्या दिवशी शाळा बंद." मी हौ म्हटलं होतं. शिकण्याने घरात वाकडं कसं येईल, हेच मला समजत नव्हतं.

पोळ्याला मी घरी आले ती गणपतीच्या विसर्जनापर्यंत राहायच्या बोलीवर. पोळ्याच्या दिवशी घर तेलाच्या वासाने भरलेलं असायचं. माय सुवाऱ्या म्हणजे पुऱ्या तळायची, आजी उडदाचे वडे थापायची, वहिनी करंज्यांची कड मुडपायची आणि त्या वर्षी बंडू माझ्या मांडीवर बसून करंजीचं तोंड चोखत होता. बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज, शिंगांना लावलेल्या रंगाचे डाग बाबांच्या धोतरावर. दारात पळसाच्या ओल्या फांद्या उभ्या केलेल्या. या फांद्यांचं काम दुसऱ्या दिवशी. नागपूरकडे मारबत म्हणतात, आमच्याकडे नारबोद. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना घरातली ती पळसाची फांदी, फुटकं सूप, झिजलेला खराटा आणि एखादी चिंधी असं बांधायचं आणि साऱ्या घराची इडापिडा त्यात घालून गावाच्या शिवेपलीकडे टाकायचं. जाताना ओरडायचं, "खांसी घेऊन जाय वं नारबोद! ताप घेऊन जाय वं! इच्चूकाटा घेऊन जाय!" टाकलं की मागे पाहायचं नाही. नाल्यावर पाय धुवायचे आणि सरळ घरी.

आमच्या गावची शीव म्हणजे तो नाला. नाल्यापलीकडे दुसरं गाव, आणि ते महाराष्ट्रात. म्हणजे आमच्या गावची खांसी दरवर्षी परराज्यात जायची. आणखी एक गोष्ट अशी की त्याच गावात माझी मोठी बहीण दिली होती. ताईची दोन लेकरं तिथे होती. ते गावही त्याच सकाळी आपली नारबोद आमच्या बाजूला टाकायचं. हे मी लहानपणापासून पाहत होते, ओरडतही होते, आणि माझा आवाज सगळ्यात मोठा असायचा. पण त्या वर्षी माझ्याकडे चावी होती.

आमच्या घरात फांदी नेण्याचं काम लग्न न झालेल्या पोरीचं, म्हणजे माझं. पोळ्याच्या संध्याकाळी वडे खात मी ठरवलं की हे अनैतिक आहे. आपला रोग उचलायचा आणि ताईच्या लेकरांवर टाकायचा? सगळ्यांनीच आपला रोग दुसऱ्यावर टाकला तर? मला स्वतःचाच इतका अभिमान वाटला की मी दोन वडे जास्त खाल्ले. आता आठवलं की हसू येतं. हे मी माय-बाबांसमोर बोलले असते, भांडले असते, तर वेगळी गोष्ट. पण नाही. मी सकाळी सगळ्यांबरोबर फांदी घेऊन निघाले, "खांसी घेऊन जाय वं" म्हणून ओरडले, गर्दीत मागे राहिले आणि आमच्या गुरांच्या कोठ्यात शिरून ती मोळी जनावरांच्या तणसामागे खोचून ठेवली. मग नाल्यावर जाऊन पाय धुतले. नीतीसाठी एवढं खोटं वागणारी दुसरी मुलगी त्या दिवशी बालाघाट जिल्ह्यात नसेल.

तिसऱ्या दिवशी बंडू खोकायला लागला.

आधी साधा खोकला होता. मग खोकून खोकून तो लाल व्हायचा, दूध टाकायचा आणि त्याचं रडणंही घोगरं झालं. वहिनी त्याला खांद्यावर घेऊन अंगणातून ओसरीवर आणि ओसरीवरून अंगणात फिरायची. आजी म्हणाली, "काहून असं झालं? नारबोद तं चांगली गेली औंदा." कोणी माझ्याकडे पाहिलं नाही, पण मला वाटलं सगळे माझ्याकडेच पाहतायत. सरांनी शिकवलं होतं की एका गोष्टीमागून दुसरी घडली म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असं नसतं. मी हे परीक्षेत उदाहरणासकट लिहिलं होतं आणि सरांनी समासात लाल शाईने "अति उत्तम" लिहिलं होतं. ते सगळं मला पाठ होतं. तरी बंडू खोकला की माझी नजर कोठ्याकडे जायची.

चौथ्या दिवशी दुपारी माय वावरात धान निंदायला गेली, आजी आडवी झाली होती, वहिनी बंडूला निजवत होती. मी कोठ्यात गेले. मोळीची पानं सुकून कुरकुरीत झाली होती. ती पोत्यात घातली आणि निघाले. नाल्याला गुडघाभर पाणी होतं. पलीकडे पहिलं वावर ओलांडून बांधावरच्या बाभळीखाली पोतं उलटं केलं, हळूच म्हटलं, "खांसी घेऊन जाय वं नारबोद," आणि मागे न पाहता चालायला लागले.

"अवं सुमे!"

मी ओळखलं. ताईची सासू, भागाबाई. पण नारबोद टाकल्यावर मागे पाहायचं नसतं. मी मान ताठ ठेवून चालत राहिले.

"सुमे! आयकू येत नाई का वं?"

मी आणखी जोरात चालले. भागाबाईचं वय साठीचं, पण ती बांधावरून आडवी धावत आली आणि माझ्यापुढे उभी राहिली. डोक्यावर गवताचा भारा, हातात विळा.

"काहून? मान आखडली का तुही?"

"मागं पाहाचं नसते, मावशी," माझ्या तोंडून निघून गेलं.

तिने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. तिच्यावर तसं काही बंधन नव्हतं. बाभळीखाली फांदी, फुटकं सूप, खराटा आणि चिंधी. तिचा चेहरा बदलला. नारबोदच्या सकाळी सगळं गाव उघड टाकतं, तेव्हा कोणाला काही वाटत नाही. पण आडदिवशी दुपारी, एकटी पोरगी, दुसऱ्याच्या वावरात सूप आणि चिंधी टाकते, त्याला एकच नाव होतं.

"करनी करून राह्यली का आमच्या वावरात?" ती म्हणाली. "इवायाच्या पोरीनं?" म्हणजे व्याह्याच्या.

मी घाबरले. स्वतःसाठी नाही, ताईसाठी. माहेरच्यांनी करणी केली असं एकदा गावात झालं की ताईने त्या घरात तोंड कसं दाखवायचं? मी तिथेच चिखलात बसले आणि सगळं सांगितलं. बंडूची खांसी, कोठा, तणस, सर, आणि तो जर्मन पंडितसुद्धा. भागाबाईने भारा खाली ठेवला आणि नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे," ती म्हणाली, "पोळ्याले तुले आमची दया आली. आमच्या लेकरायवर खांसी टाकाची नाई."

"हौ."

"आन तुह्या घरचं लेकरू खोकलून राह्यलं तं दया गेली."

मी रिकाम्या पोत्याची घडी घालायला लागले.

"हौ म्हन नं."

"हौ," मी म्हटलं.

आजवर अनेक परीक्षा दिल्या. अनेक प्रश्न सोडून दिले. पण इतका सोपा प्रश्न आणि इतकं जड उत्तर पुन्हा कधी आलं नाही.

तिने फांदी, सूप, खराटा सगळं उचललं. चिंधीही. "चाल," म्हणाली. मला वाटलं आता पंचायत बसणार. पण ती घरामागच्या परड्यात गेली. तिथे मोठ्या चुलीवर धान उकडत होतं, वाफेचा तो गोडसर वास सगळीकडे. ताई वावरात गेली होती, घरी कोणी नव्हतं. भागाबाईने फांदी गुडघ्यावर मोडली आणि चुलीत घातली. सूपही घातलं. सूप भडकन पेटलं.

"मावशी, हे काय?"

"काय म्हंजे? दरसाल असंच असते. तुमचा गाव टाकून गेला का मी टोपलं घेऊन जातो, साऱ्या फांद्या गोळा करतो. पळस वाळला का चांगला जळते. तुमच्या गावच्या खांसीवर माहं दोन दिसाचं धान उकडते."

"तुमाले भेव नाई वाटत?"

"भेव वाटून जळतन कोठून आनू?" ती म्हणाली आणि सरपणात खराटाही सरकवला. (पुढे मी मायला विचारलं की त्या गावच्या फांद्यांचं आपल्याकडे काय होतं. माय वांगी चिरत होती. वर न पाहता म्हणाली, "पानी तापवतो नं.")

मग भागाबाईने कुंपणाचा अडुळसा तोडला, पदराला बांधला आणि म्हणाली, "चाल, लेकरू दाखव." मला वाटलं, गोष्ट आमच्या दोघींतच राहील. नाला ओलांडताना मी तसं हळूच सुचवूनही पाहिलं. ती म्हणाली, "तू सांगशीन. मी नाई सांगनार, तूच सांगशीन."

बाबा जेवायला आले होते. भागाबाई बाजेवर बसली, माझ्याकडे पाहिलं, आणि मी सांगितलं. ओसरीवर उभी राहून, सगळ्यांसमोर. आजीने कपाळावर हात मारला. बाबांनी पुढ्यातलं ताट सरकवलं. पण मला आठवते ती वहिनी. बंडू माझ्याजवळच खाटेवर पडला होता. तिने येऊन त्याला उचललं, पदराखाली घेतलं आणि आत गेली. मी त्याला घ्यायला हात केला होता, तो तसाच राहिला.

"शाळा बंद," बाबा म्हणाले. "उद्या बालाघाटले जातो आन तुहे कपडे, पुस्तकं घेऊन येतो."

मी रडले नाही. रडण्याचा हक्कही गेला असं वाटत होतं. एका विषयाच्या नादात मी सगळे विषय घालवले होते. पुढे काय ते दिसत होतं: चूल, निंदण, आणि पुढच्या उन्हाळ्यात कुठल्यातरी गावचं स्थळ.

भागाबाई अडुळशाची पानं खुडत होती. म्हणाली, "इवाई, पोरीले घरी ठेवून काय करसान?"

"घरचं काम शिकन."

"शिकन तं शिकन. पन हिले इचार करायची सवय लागली हाय. घरी बसून रोज इचार करन, आन रोज काहीतरी आनून माह्या वावरात टाकन. धाडा तिले बालाघाटले. तिकडं टाकू द्या जे टाकाचं ते."

पहिली हसली ती आजी. तोंडाला पदर लावून हसली. बाबा हसले नाहीत. पण लेकीच्या सासूला नाही म्हणायची हिंमत त्या काळात आमच्या भागात कोणत्या बापाची होती? बाबांनी ताट परत पुढे ओढलं आणि भात कालवायला लागले. आमच्या घरात होकाराची तीच रीत होती.

अडुळशाचा काढा दोन दिवस झाला. तरी उतार पडेना म्हणून भागाबाई स्वतः बाबा-वहिनीबरोबर गोंदियाला डॉक्टरकडे गेली. लाल औषधाची बाटली आली. गणपतीचं विसर्जन झालं तेव्हा बंडू खोकायचा थांबला होता. आजीच्या मते खांसी चुलीत जळाली म्हणून, वहिनीच्या मते औषधाने, आणि भागाबाई मरेपर्यंत अडुळशाचंच नाव घेत होती. मला विचारलं असतं तर माझ्याकडे त्या वेळी पहिल्यांदाच काही मत नव्हतं. बंडू आता दोन नातवंडांचा आजोबा आहे. अजूनही खोकतो, पण ते बिडीमुळे.

तेवढ्या दिवसांत वहिनीने मला बंडूला हात लावू दिला नाही. वाढायची, पाणी द्यायची, वेणीही घालून दिली एकदा, पण लेकरू माझ्याकडे दिलं नाही. निघायच्या दिवशी मी दारात उभी राहिले, तेव्हा तिने आतूनच म्हटलं, "जाय, बस सुटन."

बाबांनी सायकलवरून राजेगावला सोडलं. मी मागच्या कॅरिअरवर, मांडीवर पिशवी. दोन्हीकडे धान पोटरीला आलेलं. बाबा पुढे पाहतच म्हणाले, "तो जर्मन काय म्हनते?"

मी सांगितलं.

"सारेच टाकतेत," बाबा म्हणाले. "दोन्हीकडून टाकतेत. साऱ्यायले मालूम असते."

"हौ, पन बाबा..."

"तू चोरून ठेवली, आन चोरून टाकली." त्यांनी सायकल चढावर उभ्याने मारली, म्हणून पुढचं वाक्य वर गेल्यावर आलं. "बाकी तुहं शास्त्र तुले मालूम."

बस आली. बाबांनी खिडकीतून पिशवी आत दिली आणि म्हणाले, "वयनीले चिठ्ठी लिवजो. तिच्या नावानं लिवजो. माह्या नावानं नाई." वहिनी चौथी शिकली होती, तिच्या नावाने आमच्या घरी तोवर एकही चिठ्ठी आली नव्हती. दादाचीसुद्धा बाबांच्या नावाने यायची.

मामाकडे पोचल्यावर मी हातपाय धुतले आणि वही घेऊन बसले. दर्शनशास्त्राच्या पेपरात मी पुरवण्या मागून मागून लिहायची. त्या दिवशी मामी दोनदा चहाला बोलावून गेली तरी कागद भरत नव्हता. बंडूची तब्येत विचारली. मग लिहिलं, मी केलं ते चुकलं. त्याच्यापुढे "कारण" लिहिलं आणि भराभर पान भरलं: नीती, दया, ताईची लेकरं, सगळं. वाचून पाहिलं. मग रेघोट्या मारून "कारण"पासून खालचं सगळं खोडलं, तिथेच सही केली आणि मामांना म्हटलं, पाकीट द्या.